चिनी 'येनज्यू येनज्यू' : होकार की नकार?

एका चिनी पुरवठादाराशी इंग्रजीतून बोलणी चालू आहेत. दर कमी करा म्हटल्यावर उत्तर आलं, 'याचा अभ्यास करू.' दुभाषी म्हणाली, मूळ शब्द 'येनज्यू येनज्यू'. त्यानंतर सगळं थंड. याचा नेमका अर्थ काय घ्यायचा?

— येनज्यू म्हणजे अभ्यास, संशोधन. पण चिनीत क्रियापद दोनदा म्हटलं की त्याचा भार कमी होतो, 'जरा अभ्यासून बघू' असं काहीसं. आपल्याकडच्या 'बघू, बघू'सारखंच. सोबत तारीख किंवा कोण बघणार ते सांगितलं असेल तर आशा ठेवा, नुसतंच असेल तर बहुधा नकार समजा. (चिनी लोकांचा यावर जुना विनोद आहे : 'सिगरेट-दारू' हा शब्दही जवळपास असाच उच्चारतात, फरक सुरांचा. साहेब 'अभ्यास करू' म्हणाले की काय घेऊन जायचं ते कळतं!)

— नकार बरेचदा आधीच येऊन गेलेला असतो, आपल्याला तो ऐकू येत नाही. चिनीत 'यिनवेइ… सुओयी', म्हणजे 'कारण… म्हणून' ही जोडी रूढ आहे आणि कारणं आधी येतात. कच्चा माल महागला, मजुरी वाढली, बाकीचे ग्राहकही विचारताहेत, आणि मग कुठे 'सुओयी'. इंग्रज किंवा अमेरिकन माणसाला मुद्दा पहिल्याच वाक्यात हवा असतो, म्हणून तो मजुरीपाशीच तोंड घालतो. भाषेच्या अभ्यासक लिंडा यंग यांनी चिनी व्यावसायिकांच्या इंग्रजी बोलण्यावर लिहिताना हेच दाखवलं (१९८२) : व्याकरण ठीक असूनही ऐकणाऱ्याला बोलणारा आडवळणी वाटतो. मला तर ही मांडणी जास्त सभ्य वाटते. तोंडावर 'जमणार नाही' ऐकून मग कारणं कोण ऐकतो?

— 'येस'कडेही लक्ष ठेवा. ऐकताना चिनी लोक 'त्वेइ, त्वेइ' म्हणतात, शब्दशः 'बरोबर', पण तो नुसता हुंकार असतो. इंग्रजीत त्याचं 'येस, येस' होतं आणि समोरच्याला सौदा ठरल्यासारखा वाटतो. नकारार्थी प्रश्नात तर आणखी घोळ. 'माल निघाला नाही का?' याला आपण 'हो, नाही निघाला' म्हणतो, चिनीतही तसंच. इंग्रजीत नुसतं 'येस' आलं की ऐकणाऱ्याच्या लेखी माल निघाला. त्यापेक्षा सरळ 'माल कोणत्या तारखेला निघाला?' असं विचारा.