मदत हवी आहे: शिवडा माशाची विणीची जागा कशी ओळखावी? (भीमा नदी)

आमचे गाव उजनी धरणाच्या खालच्या अंगाला, नीरा नरसिंहपूरच्या नीरा-भीमा संगमाजवळ आहे. यंदा ओढ्याला पहिले गढूळ पाणी आले, तेव्हा चढणीचे मासे धरणाऱ्यांच्या जाळ्यात गाभोळीने भरलेली शिवड्याची मोठी मादी सापडली आणि ती तशीच बाजारात गेली. पुढच्या पावसाळ्यात विणीचे दिवस तरी तो ओढा जाळ्यांपासून मोकळा ठेवावा, असे बोलणे गावातील भोई मंडळींशी चालू आहे. मात्र नेमकी जागा आणि काळ कळल्याखेरीज, ज्यांचे घर मासेमारीवर चालते त्यांना थांबा म्हणणे मला योग्य वाटत नाही.

मासा शिवडाच (शास्त्रीय नाव वॅलागो अट्टू) होता याविषयी शंका नाही. खवले नसलेले चपटे रुपेरी अंग, डोळ्याच्या मागपर्यंत फाटलेले दातेरी तोंड, मिशांच्या दोनच जोड्या आणि पोटाखालून शेपटीपर्यंत गेलेला लांबलचक पर ही सगळी लक्षणे मी स्वतः पाहिली. आफ्रिकन मांगूरला मिशांच्या चार जोड्या असतात आणि पाठीवरचा परही लांब असतो, त्यामुळे मोठ्या माशांत गल्लत होत नाही. शिवडा दिवसा खोल, संथ, गाळाच्या डोहात काठाच्या कपारींत दडून राहतो, रात्री लहान मासे पकडतो आणि पावसाळ्यात पाणी पसरलेल्या उथळ, गवताळ जागी अंडी घालतो, एवढे मला माहीत आहे. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या, धोक्यातील जीवांची नोंद ठेवणाऱ्या लाल यादीत तो ‘असुरक्षित’ गटात असूनही आमच्याकडे त्याला कोणी दुर्मीळ मानत नाही, याची मला फार काळजी वाटते.

माझी मुख्य अडचण पाण्याच्या वेळेची आहे. धरण भरेपर्यंत भीमेला वरून मोठे पाणी सुटत नाही, पण नीरेला आणि ओढ्यांना त्याआधीच पूर येऊ शकतो. मग शिवडा विणीसाठी ओढ्याच्या पहिल्या पुरावर निघतो की नदी फुगण्याची वाट पाहतो? दुसरे म्हणजे, गवतात सापडणारी बोटाएवढी पिल्ले शिवड्याची आहेत हे त्यांना न मारता, पाण्यातच ठेवून कसे ओळखावे? वाळूउपशाने खोल झालेले खड्डे त्याला डोहासारखे उपयोगी पडतात का, हेही कृपया कोणी सांगावे. भीमा, कृष्णा किंवा गोदावरीच्या काठी ज्यांनी हे प्रत्यक्ष पाहिले आहे, त्यांनी महिना आणि पाण्याची अंदाजे खोली लिहिल्यास आम्हाला ओढ्याचा कोणता भाग राखायचा ते ठरवता येईल.