मदत हवी आहे: बॅटरी बदलूनही स्मोक अलार्म वाजतोच आहे
छतावरचा स्मोक अलार्म मिनिटाला एकदा बारीकसा ‘पीप’ असा आवाज करतोय. धूर नाही, वाफ नाही, सलग भोंगाही नाही. तो घरच्या विजेवर चालतो, आत ९ व्होल्टची बॅकअप बॅटरी आहे. ती नवीन घातली, जाळीतली धूळ काढली, वीज बंद करून टेस्टचं बटण वीसेक सेकंद दाबून धरलं. थोडा वेळ शांत, मग पुन्हा सुरू; पहाटे तर हमखास! मागच्या लेबलवर उत्पादनाचं वर्ष २०१३ आहे. बाकी खोल्यांतले अलार्म याच वायरला जोडलेले आहेत, ते गप्प आहेत. काढून ठेवा असं कृपया सुचवू नका, रात्री घर अलार्मविना ठेवायचं नाही.

हा १० वर्षांची मुदत संपल्याचा इशारा असेल का? आणि एवढा एकच बदलायचा तर दुसऱ्या कंपनीचा या जोडणीवर चालेल, की सगळेच बदलावे लागतील?