सरावात 'त्रेसष्ट'ला 'साठ तीन' म्हणू द्यावं की नाही?

दुसरीच्या वर्गाची बाई:
वर्गात 'त्रेसष्ट' सांगितलं की सात-आठ मुलं हमखास ३६ लिहितात. कानावर आधी तीन पडतो, पाटीवर मात्र आधी सहा लिहायचा. गोंधळ होणारच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं, तेव्हा विधानसभेपर्यंत गदारोळ झाला. जुनी नावं काढलेली नाहीत, हे गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर सांगत होत्या, पण ऐकून कोण घेतंय!

मी सरावात दोन्ही वापरते. शंभर मण्यांच्या गणितमाळेवर मूल दहाचे सहा गट मोजतं, तीन मणी सुटे धरतं, 'साठ तीन, त्रेसष्ट' असं मोठ्यानं म्हणतं आणि मगच लिहितं. उलटसुलट लिहिणं खूप कमी झालंय.

निवृत्त गुरुजी:
बाई, माळ उत्तम. नाव मला पटत नाही. दुकानात कुणी 'साठ तीन रुपये द्या' म्हणतं का? रोज पंधरा मिनिटं उजळणी घेतली की त्रेसष्ट जिभेवर बसतं. पावकी, निमकी, दीडकी ही पाव, अर्धा, दीडच्या पाढ्यांची उजळणी अवघड म्हणून सोडली, आज ती कुणाला येत नाही. उद्या त्रेसष्टचंही तेच होईल.

बेळगावचा पालक:
गुरुजी, आमच्याकडे कन्नड शाळेतली मुलं 'अरवत्तमूरु' म्हणतात, म्हणजे साठ-तीनच. त्यांचं काही अडलेलं दिसत नाही.

निवृत्त गुरुजी:
ती त्यांची भाषा आहे हो. घरीदारी सगळे तसंच बोलतात. आपल्या मुलाला 'साठ तीन' फक्त वर्गात ऐकू येणार.

सेमी-इंग्रजीतल्या मुलीची आई:
त्रेसष्ट तर आधीच हरवतंय. माझी मुलगी चौथीत आहे. 'एकोणऐंशी' म्हटलं की 'म्हणजे सेव्हन्टी नाइन ना?' असं विचारते. मला फार वाईट वाटतं.

दुसरीच्या वर्गाची बाई:
ताई, याच भीतीनं मी 'त्रेसष्ट'सारखं जोडनाव सोडत नाही. पण गुरुजी, 'एकोणसाठ'मध्ये पाचही ऐकू येत नाही, नऊही नाही. साठातून एक वजा करायचा, तेव्हा कुठे ५९. बरं, ८९ ला एकोणनव्वद, मग ९९ ला एकोणशंभर म्हणावं, तर ते नव्व्याण्णव! सात वर्षांच्या मुलानं नुसत्या पाठांतरानं हे पेलायचं? उजळणी मीही घेते, पण माळेवर मोजून झाल्यावर. आधी घेतली तर ती गाण्यासारखी म्हणतात. मधूनच 'सत्तेचाळीस दाखव' म्हटलं की हात थांबतो.

निवृत्त गुरुजी:
हात थांबतो, हे मीही पाहिलंय. पण मग 'साठ तीन' बंद कधी करता? कुबडी कायमची नको.

दुसरीच्या वर्गाची बाई:
दिवाळीनंतर श्रुतलेखनात मी फक्त 'त्रेसष्ट' म्हणते. ज्याला अडेल त्यानं मनात 'साठ तीन' म्हणावं. यंदा अजूनही चार मुलांचे ओठ हलतात. त्यांना मी थांबवणार नाही.