महापालिकेची इमारत आतूनही बघता येते

या चर्चेत कुणीतरी लिहिलंय की मुंबईत सीएसएमटी स्टेशनसमोरची महापालिकेची इमारत फक्त बाहेरून फोटो काढण्यापुरती, आत सामान्य माणसाला कोण सोडतंय. पूर्वी ते खरंच होतं, पण जानेवारी २०२१ मध्ये पालिका आणि एमटीडीसीने (राज्याचं पर्यटन महामंडळ) मिळून तिथे शनिवार-रविवारचा हेरिटेज वॉक सुरू केला, गाईडबरोबर आत नेतात, सभागृहसुद्धा दाखवतात, त्याचं सागवानी छत बघताना मान दुखते पण बघाच. सध्याच्या वेळा आणि बुकिंग मात्र आधी चेक करून निघा, सरकारी कारभार आहे शेवटी.

आणि अजून एक, ज्याचा इथे कुणी उल्लेख केला नाही. स्टेशन आणि ही इमारत दोन्हींचा आर्किटेक्ट एकच, फ्रेडरिक स्टीव्हन्स. पालिकेच्या इमारतीसाठी आधी खरं तर चिझम नावाच्या आर्किटेक्टचं डिझाईन पसंत पडलं होतं, नंतर ते बाजूला पडून काम स्टीव्हन्सकडे आलं, १८८४ ला व्हाइसरॉय लॉर्ड रिपनच्या हस्ते पायाभरणी आणि १८९३ ला काम पूर्ण. जागा दोन रस्त्यांच्या बेचक्यात, कोपरा निमुळता, म्हणून त्या टोकावरच २५५ फुटी मनोरा उभा केलाय, अडचणीच्या प्लॉटचा असा फायदा हल्लीचे बिल्डर करतील का शंकाच आहे! इमारतीसमोरच्या फिरोजशहा मेहतांच्या पुतळ्यापाशी उभं राहून वर बघा, पंख असलेली एक मूर्ती दिसेल, ती म्हणजे त्या काळची 'भारतातलं पहिलं शहर' ही मुंबईची ऐट. बहुतेक लोक सेल्फीच्या नादात तिच्याकडे बघतच नाहीत.