झेडपी शाळेचं छप्पर: समितीने पैसे मागायचे कुणाकडे?

वाडीतली आई (जून 2025)

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका वाडीत राहते. धाकटा मुलगा झेडपीच्या शाळेत तिसरीत आहे. मागच्या पालकसभेत मला शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष केलं. म्हणजे काय, नाव विचारलं तेव्हा बाकीच्यांनी माना खाली घातल्या आणि मी नेमकी वर बघत होते.

शाळा पहिली ते पाचवी, पट 23, दोन शिक्षक. इमारत जांभ्या चिऱ्याची, भिंतींना काही धाड भरलेली नाही. सगळं दुखणं छपराचं. निसर्ग वादळात, 3 जून 2020 ला, कौलं उडाली. तेव्हा एका पाख्यावर, म्हणजे छपराच्या एका उतारावर, नवी बसवली, दुसऱ्यावर जुनीच रचून दिली. वर वानरांचा ताप. फणस पिकले की अख्खी टोळी शाळेवरून धावते. यंदा पाऊस मे महिन्यातच आला आणि शाकारणी, म्हणजे कौलं चाळून नीट बसवणं, राहून गेली. आता तिसरी-चौथीच्या वर्गात फळ्यासमोर एक बादली आणि खिडकीखाली पोषण आहाराचं जुनं पातेलं. झड आली की तिकडची मुलं दप्तरं उचलून इकडच्या मुलांच्या मांडीला मांडी लावून बसतात. एका वाशाला मी खराट्याचा दांडा टेकवला तर मूठभर भुसा पडला. वाळवी.

सरपंच म्हणतात शाळा झेडपीची, आम्ही काय करणार. गुरुजी म्हणतात दहा हजार अनुदान आलं, ते लाइटबिल आणि किरकोळीत संपलं. वर विचारलं तर "कळवलंय". आणि गावकीचं एकच, गणपतीत चाकरमानी येतील, मुंबईकर गावकऱ्यांचं मंडळ पत्रे टाकून देईल.

दरवेळी मंडळापुढेच पदर पसरायचा का? हक्काने मागायचं तर कुठे आणि काय लिहून? त्यासाठी वेगळा पालक-शिक्षक संघ काढावा का?

निवृत्त केंद्रप्रमुख

ताई, वेगळा संघ काढत बसू नका. तुम्हाला जी खुर्ची गळ्यात पडली आहे तिलाच कायद्याचा आधार आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू 1 एप्रिल 2010 पासून. कलम 21 म्हणजे तुमची समिती. तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. कलम 22 त्याहून कामाचं: समितीने शाळा विकास आराखडा करायचा आणि अनुदान देताना सरकारने तोच पाया धरायचा. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी मुख्याध्यापक एकटे बसून मागच्या वर्षीचा आराखडा उतरवून काढतात आणि सदस्य सह्या करतात. तुमचा आराखडा मागवा आणि छपराबद्दल काय लिहिलंय ते स्वतः वाचा. मग यू-डायसची, म्हणजे शाळेने दरवर्षी सरकारला भरून द्यायची माहिती बघा. त्यात प्रत्येक खोलीची अवस्था भरायची असते: चांगली, किरकोळ दुरुस्ती, मोठी दुरुस्ती. तुमची खोली तिथे "चांगली" म्हणून गेली असेल तर वर बसलेल्याला बादली दिसणार कशी?

दहा हजारांबद्दल गुरुजींना धारेवर धरू नका. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. 30 पर्यंत पट असेल तर 10,000 रुपये, 31 ते 100 ला 25,000. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर घालायचे. यात खडू, रजिस्टरं आणि लाइटबिल भागतं, छप्पर नाही. हिशेब मात्र दर सभेत समोर ठेवायला लावा. अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणं हे कायद्यानेच समितीचं काम आहे.

छपराची वाट वेगळी. समितीचा ठराव करा. "छप्पर नादुरुस्त" एवढ्यावर भागवू नका. कुठल्या वर्गाचं, कुठलं पाखं, किती वासे वाळवीने गेलेत, खाली किती मुलं बसतात, सगळं लिहा. ठरावासोबत गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र द्या आणि बांधकाम उपविभागाच्या शाखा अभियंत्याकडून अंदाजपत्रक मागा. अंदाजपत्रक हातात नसेल तर पुढचा कुठलाही कागद हलत नाही. तिथून प्रस्ताव जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडे जातो आणि शाळाखोल्यांच्या दुरुस्तीचा पैसा बहुधा जिल्हा वार्षिक योजनेतून येतो. तिचं ठरतं पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा नियोजन समितीत. प्रत्येक कागदाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घ्या. शिक्का नसेल तर तुम्ही गेलाच नव्हता असं धरा.

एक सांभाळा. कुणी घाईने "इमारत निर्लेखनाला टाकू" म्हणाला तर लगेच मान डोलावू नका. निर्लेखन म्हणजे इमारत वापरातून बाद. मग नवी खोली मंजूर होईपर्यंत मुलं देवळाच्या सभामंडपात. भिंती मजबूत असताना दुरुस्तीच मागायची.

चाकरमानी, डोंबिवली

केंद्रप्रमुख साहेबांचा मान राखून सांगतो, एवढे कागद फिरेपर्यंत तिसरीतला मुलगा आठवीत जाईल. आमच्या मंडळाने गावच्या शाळेवर पत्रे घातले, चतुर्थीला ठरलं आणि दिवाळीत काम उरकलं. आम्ही त्याच शाळेत शिकलो, उपकार नाही करत. आणि पट 23 असलेल्या शाळेत सरकार पैसा घालेल? सप्टेंबर 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र आणून समूह शाळा करायचे प्रस्ताव मागवलेच होते. उद्या शाळाच उचलली तर ठराव कुठे लावणार?

निवृत्त केंद्रप्रमुख

पत्रे घातलेत ना, मग श्रावणात तिथे एक तास बसून या. झड सुरू झाली की बाईंचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत पोचत नाही. खाऱ्या वाऱ्यात तो पत्रा गंजतोही लवकर.

समूह शाळेची भीती खरी आहे आणि म्हणूनच मी कागदाच्या मागे लागलोय. राज्याच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा हवी. नकाशावरचं किलोमीटर आणि आपल्याकडचं किलोमीटर यांत एक पऱ्या, म्हणजे ओढा, असतो. त्यावर साकव, म्हणजे लहान पूल, आहे का, पावसात किती दिवस पाणी साकवावरून जातं, हेही ताईंनी आराखड्यात लिहावं. ज्या शाळेच्या छपरावर नुकताच सरकारी खर्च झाला आहे ती बंद करताना लिहिणाऱ्याला दोनदा विचार करावा लागतो. मंडळाच्या खर्चाची नोंद मात्र सरकारदरबारी कुठेच होत नाही, उलट गरज भागली असं दिसतं.

मंडळाने पैसे जरूर द्यावेत. आत्ता चांगल्या जाडीची ताडपत्री द्या, पुढे पुस्तकं द्या. छप्पर ही सरकारची जबाबदारी आहे, ती त्याच्या अंगावरून उतरवू नका.

मालवणकरीण

आमच्या शाळेची कथा तीच. तोंडी सांगान सांगान जीभ झिजली. मगे आम्ही बायकांनी ग्रामसभेच्या आधीच्या महिला सभेत विषय घेतलो आणि पुस्तकात लिवल्याशिवाय उठाक नाय. सरपंच म्हणतत शाळा आमची नाय, तर तेंका घटनेची अकरावी अनुसूची दाखवा. ग्रामपंचायतींच्या 29 विषयांत प्राथमिक शाळा आसा.

15व्या वित्त आयोगाचो पैसो ग्रामपंचायतीक येता. 60 टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छता. 40 टक्के अबंधित. पगाराक वापरूचो नाय, गावच्या गरजेक चलता. आमची पाण्याची टाकी आणि मुलींचो संडास बंधितातना झालो. 2025-26 ह्या त्या आयोगाचा शेवटचा वर्ष, तेव्हा ताई, घाई करा.

आणि फोटो आत्ता काढा, बादलीसकट. कोरड्यात अभियंतो इलो तर तेका गळती दिसाची कशी?

वाडीतली आई

सगळ्यांचे आभार. आराखडा मागवला. त्यात "छप्पर: सुस्थितीत" असंच आहे, आणि खाली सही आधीच्या अध्यक्षांची. गुरुजींनी न कुरकुरता दुरुस्त करायचं कबूल केलंय, उलट त्यांना बरंच वाटलं असावं. सभा लावणी आटोपल्यावर ठेवतेय, नाहीतर बायका येणार नाहीत. 15 ऑगस्टची ग्रामसभा मात्र गाठायची आहे. डोंबिवलीच्या दादांना विनंती, ताडपत्री चतुर्थीपर्यंत थांबणार नाही, आमच्या मंडळातल्या कुणाला ओळखत असाल तर शब्द टाका.

एक शंका. ग्रामसभेत विषय आयत्या वेळी मांडला तर चालतो का?

निवृत्त केंद्रप्रमुख

"अध्यक्षांच्या परवानगीने येणारे विषय" यात मांडता येतो, पण तिथे वेळ संपली म्हणून गुंडाळतात. ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचे ग्रामसेवक) आठवडाभर आधी लेखी द्या, विषयपत्रिकेत घालायला सांगा. समितीच्या ठरावाची प्रत सोबत जोडा, तुमची अध्यक्ष म्हणून आणि मुख्याध्यापकांची सचिव म्हणून सही हवी. आणि पोच घ्या.