चिकटलेलं औषध वाया जात नाही
वर एकानं विचारलंय, वॉरफरिन (रक्ताच्या गुठळ्या रोखणारं औषध) 99 टक्के अल्ब्युमिनला, म्हणजे रक्तातल्या एका प्रथिनाला, चिकटतं, मग उपयोग काय? भावा, ती साठवण आहे. मोकळं 1 टक्का काम करतं. ते संपेल तसं चिकटलेलं सुटत राहतं.

कोल्हापुरात एमेस्सी करताना औषध-प्रथिनाची असली जोडणी मी फ्लुरोसन्सवर, म्हणजे प्रकाश टाकल्यावर रेणू जो उजेड परत सोडतो त्यावरून, मोजलीय. मानवी अल्ब्युमिनमध्ये ट्रिप्टोफॅन (असा उजेड सोडणारं अमिनो आम्ल) एकच, 214व्या जागी. 295 नॅनोमीटरचा प्रकाश टाकला की 340च्या आसपास परत येणाऱ्या उजेडाचं शिखर येतं. औषधाचे थोडे थोडे मायक्रोलिटर सोडत गेलं की ते शिखर खचत जातं. पण औषध स्वतःच प्रकाश शोषत असेल तर शिखर उगाच बुटकं दिसतं. आकड्यांत त्याची दुरुस्ती न केल्यानं माझा पहिला आठवडा पाण्यात गेला, त्यात क्युवेटवर (नमुना ठेवायच्या पारदर्शक डबीवर) बोटांचे ठसे! तापमान वाढवूनही बघा: खचणं कमी झालं तर सहसा खरी जोडी, वाढलं तर न चिकटता रेणूंची नुसती धडकाधडकी.