तक्रार सोडून देवाचे आभार मानणं : बळ की हतबलता?

माजघर

आमच्या गावच्या सप्ताहात यंदा कीर्तनकारांनी तुकोबांचा 'ठेविले अनंते तैसेचि राहावे, चित्ती असो द्यावे समाधान' हा अभंग घेतला. कीर्तन उठल्यावर पारावर तरुण पोरांची चांगलीच जुंपली. "ठेवलं तसंच राहायचं तर शिकायचं कशाला, मोर्चे काढायचे कशाला?" प्रश्न रास्त आहे. तरीही मी कीर्तनकारांच्या बाजूची आहे.

हा अभंग पोट भरलेल्या माणसाचा नाही. देहूतलं महाजनांचं घर, दुकान, सावकारी. १६३० च्या दुष्काळात सगळं बुडालं. 'स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली' हे तुकोबांनी स्वतःच सांगून ठेवलंय. आणि हाच माणूस पुढे म्हणतो, 'बरे झाले देवा निघाले दिवाळे, बरी या दुष्काळे पीडा केली.' ज्याच्या घरात भूक बायकोला घेऊन गेली त्याने हे म्हणावं, यापुढे माझी कुरकुर मला फार लहान वाटते. शिवाय असं म्हणून ते हातावर हात ठेवून बसले नाहीत. विठोबाचं देऊळ भंगलं होतं, ते दुरुस्त करायला घेतलं.

माझ्या सासूबाई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळल्यात. आमच्या घरी एक नेम आहे : दिवेलागणीपासून हरिपाठ होईपर्यंत कुणी गाऱ्हाणं काढायचं नाही. दिवसात जे बरं घडलं ते आधी देवाला सांगायचं. पायाचा अंगठा किंचित हलला, शेजारणीने भाकरी करून पाठवल्या, एवढंच असतं कधी कधी. औषधं, व्यायाम सगळं चालू आहे. दवाखान्याच्या बिलात चूक होती, तेव्हा मी काउंटरवर उभी राहून भांडलेही. पण मनात कुढणं वेगळं आणि चूक दाखवणं वेगळं. कुढण्याने सासूबाईंना काही मिळत नव्हतं. हरिपाठाला त्यांचे ओठ हलतात.

कोरडवाहू

ताई, तुमच्या घरच्या नेमाबद्दल आदर आहे. पण अभंगातलं पुढचं तुम्ही घेतलंच नाहीत. 'वाहिल्या उद्वेग दुःखचि केवळ, भोगणे ते फळ संचिताचे.' माझी विहीर फेब्रुवारीत तळ दाखवते. ते माझं संचित असेल तर पाटबंधारे खात्याच्या दारात मी जायचं कशाला?

१९७२ च्या दुष्काळात आमच्या आजीने खडी फोडली. लोकांनी हाताला काम मागितलं, रेटा लावला, म्हणून १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. 'पीडा बरी झाली' म्हणून सगळे घरी बसले असते तर कायदा कुणी केला असता? आणि सप्ताहाला मोठी देणगी कोण देतो तेही बघा. आमच्याकडे व्याजाने पैसे देणारेच देतात, आणि समाधानाचा अभंग त्यांनाच हवा असतो.

माजघर

दादा, संचिताची गोष्ट काढलीत ते बरं झालं, कारण तुकोबा खुद्द सावकाराच्या घरचे. लोकांकडून येणं होतं. 'तुमचं संचित, तुम्ही भोगा आणि पैसे फेडा' असं ते कुळांना म्हणू शकले असते. परंपरा सांगते की त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. संचित त्यांनी स्वतःपुरतं ठेवलं आणि दुसऱ्याला मोकळं केलं. तुमच्याकडचे देणगीदार अर्धाच अभंग जगतात. त्यांना हे तोंडावर सांगायला हवं, कीर्तनातच सांगायला हवं.

खडी फोडणाऱ्या आज्यांबद्दल मात्र माझं वेगळं मत आहे. काम मागणं आणि देवावर भार टाकणं ही दोन्ही एकाच बाईने केलेली मी पाहिलीत. माझी आई त्यातलीच.

पखवाज

दोघांचंही वाचलं. वारकऱ्याला तक्रार वर्ज्य आहे हे कुणी सांगितलं? नामदेव महाराज देवाला म्हणतात, 'पतितपावन नव्हेसी म्हणुनी जातो माघारा.' जनाबाई 'अरे विठ्या विठ्या' म्हणून शिव्या घालते. आणि तुकोबाच एके ठिकाणी 'माझे लेखी देव मेला' इथपर्यंत जातात. ज्याला ऐकणारा आहे अशी खात्री असते तोच असं भांडतो. आभार आणि भांडण दोन्ही एकाच पायाशी नेऊन ठेवायचं असतं.

नाइट ड्यूटी

मी कॅन्सर वॉर्डात नर्स आहे. माझी अडचण फार साधी आहे. रात्री विचारलं, "मावशी, दुखतंय का?" तर "विठ्ठलाची कृपा, काही नाही" असं उत्तर येतं. चादर मुठीत आवळलेली असते. दुखणं किती आहे हे रुग्णाने सांगितल्याशिवाय मॉर्फिनचा डोस नीट ठरवता येत नाही. बरेचदा नातेवाईकच दटावतात, "असं रडगाणं गाऊ नये, देवाचं नाव घे." त्या बाईला देवाचं नाव घ्यायचंच असतं, पण वेदना थोडी उतरल्यावर. माजघर, तुमच्या घरी सासूबाईंना दुखलं तर हरिपाठ संपेपर्यंत थांबावं लागतं का?

माजघर

नाही सिस्टर. नेम आमच्या कुरकुरीला आहे, त्यांच्या दुखण्याला नाही. त्यांनी कण्हायला सुरुवात केली तर हरिपाठ थांबतो. तुमच्या वॉर्डातल्या त्या नातेवाइकांबद्दल वाचून वाईट वाटलं. आपल्या दुःखाबद्दल 'बरे झाले देवा' म्हणायचा अधिकार ज्याचं दुःख त्याचाच. शेजारच्याने त्याच्या वतीने ते म्हणू नये, नवऱ्याने बायकोच्या वतीने तर मुळीच नाही. तुकोबांनी स्वतःच्या दिवाळ्याबद्दल म्हटलं.

वेशीबाहेर

आता माझं ऐका. पखवाज यांनी नामदेव, जनाबाई, तुकोबा घेतले. चोखोबांचा मुलगा कर्ममेळा राहिला. 'आमुची केली हीन याती, तुज का न कळे श्रीपती. जन्म गेला उष्टे खाता, लाज न ये तुमचे चित्ता.' यात लडिवाळ भांडण नाही. देवाला लाज वाटत नाही का, असा सरळ सवाल आहे.

चोखोबा १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर भिंत कोसळून गेले. समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर, पायरीच्या बाहेर. पंढरपूरचं देऊळ आमच्या लोकांना उघडलं १९४७ मध्ये, साने गुरुजींनी मे महिन्यात उपोषण केल्यावर. मधली ६०९ वर्षं आमच्या पिढ्यांनी पायरीवर डोकं टेकवून आभारच मानले. समाधान आमच्याकडे कमी नव्हतं. तरी दार समाधानाने उघडलं नाही. ते कुणीतरी अडून बसलं म्हणून उघडलं.

माझी आजी चोखामेळ्याचे अभंग म्हणते, तिची श्रद्धा मी मोडत नाही. पण कृतज्ञतेचा उपदेश कुणी कुणाला करायचा हे आधी ठरवा. माजघर, तुम्ही 'ज्याचं दुःख त्याचा अधिकार' म्हणालात, ते मला पटलं. मग तुमच्या सप्ताहात कर्ममेळ्याचा तो अभंग निरूपणाला घेतात का?

कोरडवाहू

हाच प्रश्न माझाही.

माजघर

आमच्याकडे चोखोबांच्या पत्नी सोयराबाईंचा 'देहासी विटाळ म्हणती सकळ' घेतात, तो मी लहानपणापासून ऐकलाय. कर्ममेळ्याचा निरूपणाला घेतलेला ऐकला नाही. माझा विठ्ठलावरचा भरवसा त्या अभंगाने डळमळत नाही, उलट असा सवाल पोटात घालणारा देव मला हवा आहे. सप्ताह समितीत माझे दीर आहेत. पुढच्या वर्षी सात दिवसांपैकी एका रात्री कर्ममेळ्याचा अभंग ठेवा, असं मी त्यांना आणि कीर्तनकारांना सांगणार आहे. ते नाही म्हणाले तर कारण काय देतात तेही इथे लिहीन.